स्पीकर फाटलो हा तुझो

माझ्या डाव्या स्पीकरचा ट्विटर, म्हणजे उंच सूर वाजवणारा छोटा भाग, चांगला होता. उजव्या स्पीकरचा वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा भाग, तोही चांगला होता. दोन्ही आता भंगारवाल्याकडे गेलेत आणि त्याबद्दल १८५० रुपये मी रोख मोजलेत. स्पीकर नेले होते ते तिसऱ्याच कामाला, डाव्या वूफरच्या कडेचा फोम कुजला होता म्हणून. ते काम रिपेरीवाल्या मेस्त्रींनी झकास केलं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मनसोक्त कुरकुरायला मी मोकळा.

समुद्रकाठी फोम कुजण्याचं कुणी मनावर घेत नाही. वूफरचा थरथरणारा पडदा म्हणजे कोन, त्याच्याभोवतीची मऊ कड पॉलियुरेथेन फोमची असली तर दमट हवेत ती आपोआप विरत जाते. बोट लावलं की काळा चिकट भुगा हाताला येतो. रबरी कड कितीतरी जास्त टिकते, पण जुन्या स्पीकरांच्या नशिबी बहुधा फोमच. त्यात मालवणची खारी हवा. मागच्या तांब्याच्या वायरींवर हिरवट बुरा धरतो, तो घासून काढल्याशिवाय कुठलीही तपासणी खरी मानू नये.

कड बदलताना सगळा जीव असतो तो कोन मधोमध बसवण्यात. मेस्त्रींनी मधली टोपी ब्लेडने अलगद सोडवली, कोनामागची तारेची कॉइल आणि आतल्या लोखंडाच्या फटीत जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या चहूबाजूंनी खोचल्या, मग नवी कड चिकटवून रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढून टोपी परत बसवली. पट्ट्या न घालता चिकटवलं आणि कोन केसभर जरी सरकला, तर कॉइल लोखंडाला घासते नि जन्मभर खरखर ऐकत बसावं लागतं. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन चहूकडून सारखा आत दाबून पाहायचा, घासल्याचा आवाज आला नाही की पास. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. एका स्पीकरचं उलट जोडलं गेलं तर दोघे मिळून एकमेकांचा बेस खातात. मल्टीमीटरवर आठ ओहमचा वूफर साधारण सहा-सात दाखवतो. इथवर मेस्त्री देवमाणूस.

घोळ झाला टेस्टिंगला. दुकानातला पेनड्राइव्ह चालेना, म्हणून त्यांनी माझा मागितला. माझ्या पेनड्राइव्हवर पहिल्याच नंबरला रमोन्स.

ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली पोरं. १९७६ साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली. चौदा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत, खर्च सुमारे ६४०० डॉलर. पंक म्हणून जे वेगवान, खरखरीत रॉक संगीत पुढे जगभर झालं त्याचा बराचसा पाया त्या अर्ध्या तासात आहे. पण मेस्त्रींच्या दुकानात महत्त्वाची ठरली ती वेगळीच गोष्ट. या रेकॉर्डचं मिक्सिंग जुन्या स्टिरिओ पद्धतीचं आहे: बेस गिटार अख्खी डावीकडे, दुसरी गिटार अख्खी उजवीकडे, गाणारा आणि ड्रम मध्ये. डाव्या स्पीकरला कान लावला तर गिटार गायब, आणि उजव्याला लावला तर नुसता करवतीचा कारखाना.

मेस्त्रींनी डावीकडे कान लावला. "ह्या साइडचो ट्विटर गेलो."

"मेस्त्री, ड्रमच्या झांजा ऐकू येतायत ना डावीकडून? ट्विटर गेला असता तर आल्या असत्या का?"

"येतत, पण कमी येतत."

मग उजवीकडे. इथे निकाल मेस्त्रींनी दिलाच नाही. तो दिला बाकड्यावर बसलेल्या तात्यांनी.

तात्यांची ओळख करून द्यायला हवी. वय सत्तरीपुढे, डोक्याला मफलर, पायाशी ॲम्प्लिफायर आणि भोंगा. गावच्या जत्रेला दशावतारी नाटक बसणार, त्याची मशीन दुरुस्तीला आणलेली. स्वतः एका कंपनीत वर्षानुवर्षं झांज वाजवलेले. म्हणजे आवाजातलं आपल्याला कळतं, याबद्दल त्यांच्या मनात तीळभर शंका नाही.

"रे झिला, स्पीकर फाटलो हा तुझो."

"नाही हो तात्या, गाणंच तसं आहे."

"गाणा फाटला हा?"

"फाटलेलं नाही. मुद्दाम तसं वाजवलंय."

"मुद्दाम? कित्याक?"

याचं उत्तर मी देणार, तोवर मेस्त्री म्हणाले, "पैशे कमी पडले असतले." ६४०० डॉलरचा आकडा मला ठाऊक असल्यामुळे मी गप्प बसलो.

तात्या मात्र ऐकू लागले. डोळे मिटले, गुडघ्यावर बोटं पडायला लागली. रमोन्सचा गिटारवाला जॉनी रमोन गिटारच्या तारा छेडायचा त्या फक्त वरून खाली, एकसारख्या, त्या वेगात, गाणं संपेपर्यंत. हात वर जाताना तार वाजवायची नाही. दोन मिनिटं घरी करून पाहा, मनगट दुसऱ्याचं वाटायला लागतं. तात्यांना तो हात बरोबर कळला.

"ही युद्धाची गत," ते म्हणाले. "राजा नि राक्षस सामोरे इले मां?"

"तसंच समजा."

"होय तर. झांज ह्याच वेगान धरूची लागता." थोडं आणखी ऐकलं. "मगे राक्षस मरतलो कधी?"

तेवढ्यात गाणं संपलं. जेमतेम दोन मिनिटांचं.

तात्यांनी डोळे उघडले. "मेलो?"

"संपलं गाणं."

"अरे, पण राक्षस एक शब्द बोलूक नाय! आमचो राक्षस अर्धो तास बोलता, मगे मरता."

पुढचं गाणं सुरू झालं, तात्यांनी परत बोटं धरली, तेही दोन मिनिटांत संपलं. त्यापुढे पेनड्राइव्हवर त्याच मंडळींचा लंडनचा कार्यक्रम होता, १९७७ च्या शेवटच्या रात्रीचा. त्यात एक गाणं संपतं न संपतं तोच बेसवाला 'वन टू थ्री फोर' ओरडतो आणि पुढचं सुरू. हे चारपाच वेळा ऐकल्यावर तात्या मेस्त्रींकडे वळून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "ह्यांचा अजून माइक टेस्टिंगच चालू आसा."

मी दोन साध्या गोष्टी करायला विनवत होतो. ज्यांच्या घरी असली गाणी वाजतात त्यांनी त्या लिहून ठेवाव्यात. एक, डाव्या-उजव्या वायरींची ॲम्प्लिफायरवर अदलाबदल करायची. 'बिघाड' दुसऱ्या स्पीकरात उडी मारून गेला तर स्पीकर निर्दोष, दोष मागून येतोय किंवा मुळात दोषच नाही. दोन, आवाज अगदी बारीक करायचा. गिटारची खरखर रेकॉर्डमधलीच असेल तर ती बारीक आवाजातही तशीच्या तशी राहते. कोन फाटलेला असेल तर आवाज वाढवावा तशी फडफड वाढते, आणि तीही ठरावीक सुरांनाच. शंका उरलीच तर हेडफोन लावा.

"मेस्त्री, आवाज जरा कमी करा."

"मोठ्यान लावल्याशिवाय कसा कळतला?" असं म्हणून त्यांनी बटण उजवीकडे पिळलं. वायरी बदलायला हात मागे गेला आणि लाइट गेली. "ठेवन जावा. बेस्तरवारी येवा."

आता गंमत अशी की तात्यांचा निकाल इतिहासाच्या हिशेबाने चुकीचा नव्हता. लिंक रे नावाच्या अमेरिकन गिटारवाल्याने १९५८ साली पेन्सिलीने स्वतःच्या स्पीकरच्या कोनाला भोकं पाडली होती, आवाज घाणेरडा यावा म्हणून. त्यातून निघालेल्या वाद्यसंगीताच्या तुकड्यात गाणारा माणूसच नाही, तरी काही रेडिओ स्टेशनांनी त्यावर बंदी घातली. १९६४ साली लंडनच्या किंक्स बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने एका लहानशा ॲम्प्लिफायरचा कोन ब्लेडने चिरला. आज गिटारवाल्यांच्या हजारो रुपयांच्या पेडलमध्ये, म्हणजे पायाने दाबायच्या डब्यात, जी फझ नावाची खरखर मिळते तिची आजी म्हणजे लिंक रेचा तो भोकं पाडलेला कोन. पेडल तेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करतं: सिग्नल मावणार नाही इतका फुगवायचा, मग त्याच्या लाटांची शेंडी सपाट छाटली जाते आणि मुळात नसलेले वरचे सूर त्यात उगवतात.

म्हणजे फाटला होता तो लंडनला किंवा अमेरिकेत फाटला होता. तो मालवणात शिवायचा कसा?

इंडीवाल्यांकडे, म्हणजे मोठ्या कंपन्यांना वगळून आपापली रेकॉर्ड काढणाऱ्यांकडे, गेलो असतो तर आणखी पंचाईत. अमेरिकेतल्या गायडेड बाय व्हॉइसेसची १९९४ ची 'बी थाउजंड' घ्या, घरगुती टेपरेकॉर्डरवर केलेली. तिच्या पहिल्याच गाण्यात मध्येच गिटार गायब होते आणि त्यांनी ते तसंच राहू दिलंय. मेस्त्रींनी तिथे नक्की नवीन डाग मारला असता, डागाचे ५० रुपये. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या १९९१ च्या रेकॉर्डवर गिटारची सूर हलवायची दांडी धरून सगळे सूर सतत हेलकावत ठेवलेत. पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कॅसेटसारखंच ते वाजतं. कोकणात कॅसेटी जपलेल्या माणसाला ते ऐकताना एकाच वेळी सुख होतं आणि पेन्सिल शोधावीशी वाटते.

खरा जळफळाट पुढेच आहे. रिमिक्स ज्या माणसामुळे नावारूपाला आला तोच मुळी रिपेरीवाला होता. किंग टबी, जमैकातल्या किंग्स्टनचा. रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा. झालेल्या गाण्याचे ट्रॅक समोर घेऊन तो एकेक काढत गेला: गाणाऱ्याला मध्येच घालवायचं, नुसते बेस आणि ड्रम ठेवायचे, एखादा शब्द परत आणून त्याच्यामागे प्रतिध्वनी सोडायचा. मशीन आतून माहीत असल्यामुळे बटणंच वाद्यासारखी वाजवायचा. १९७७ मध्ये लंडनच्या रॉक्सी क्लबात डीजे डॉन लेट्स पंकच्या पोरांना हाच जमैकन माल ऐकवायचा, कारण पंकच्या रेकॉर्डी लावायला तेव्हा पुरेशा निघाल्याच नव्हत्या. बारा इंची सिंगलची, म्हणजे एकाच गाण्याच्या मोठ्या तबकडीची, कथाही मशीनवरचीच. न्यूयॉर्कच्या रिमिक्सवाल्या टॉम मोल्टनची रेकॉर्ड कापायला लहान तबकड्या शिल्लक नव्हत्या, म्हणून मोठी वापरली. खाचांना जागा मिळाली आणि आवाज दणदणीत झाला. पुढे नाचायची रेकॉर्ड मोठीच हवी असं ठरून गेलं.

थोडक्यात, हातात सोल्डरिंग गन असलेल्या माणसांनी हे संगीत उभं केलं. आणि माझ्या वाट्याला आलेल्या माणसाने त्याच गनने माझा ट्विटर उतरवला.

आमच्याकडे रिमिक्स म्हटलं की हळदीच्या रात्री जुन्या गाण्याखाली धडधड घालून छातीच्या फासळ्या मोजणं. त्यात घालायचंच असतं, काढायचं काही नसतं. टबीने निम्मं गाणं काढून टाकलं तेव्हा उरलेलं ऐकू आलं. इथल्या डीजेला 'गाणाऱ्याला चार मात्रा गप्प बसव' म्हणून सांगा, तो वायर निघाली का बघायला धावेल. प्रत्यक्ष बँड ऐकायचा म्हटला तर गोव्यात उतरा नाहीतर घाट चढा. पुण्यात २०१० पासून मोठे इंडी मेळे भरू लागले, ते ऐकून रात्रीच्या एसटीने परत येणाऱ्याची कंबर कुठल्या मेस्त्रीकडे न्यायची?

गुरुवारी स्पीकर मिळाले. डावीकडे नवा ट्विटर, उजवीकडे नवा कोन. जुने सुटे भाग मागितले तर "दिले भंगारात". (हे मात्र कामाचं आहे: काढलेला भाग परत हवा, असं स्पीकर ठेवतानाच बजावून सांगा.) नवा कोन जाड नि कडक. दोन-वे स्पीकरमध्ये साधारण दोन-तीन हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं वूफरच वाजवतो आणि गिटारचा बराच ऐवज त्यातच असतो. म्हणजे ज्या बाजूला अख्खी गिटार, तीच बाजू आता घोंगडी पांघरून बसलीय. बॅलन्सचं बटण उजवीकडे वळवलं तर बेस जातो. मूळ कंपनीचा कोन मुंबईहून मागवायचा तर त्या किमतीत दोन नवे ब्लूटूथ डबे येतात, असं मला आता घरीदारी सगळे सांगतायत. डब्यात डावं-उजवं काही नसतंच, म्हणजे तोही प्रश्न मिटला, हेही सांगतायत.

तक्रार घेऊन परत गेलो. मेस्त्रींनी तेच गाणं लावलं, उजवीकडे कान लावला, कपाळाला आठ्या घातल्या.

"अजून फाटता. पेनड्राइव्ह बदला."

बाकड्यावर तात्या होतेच, मशीन न्यायला आलेले. मेस्त्रींनी त्यांचा ॲम्प्लिफायर चालू केला, तात्यांनी माइक हातात घेऊन थेट भोंग्यासमोर धरला आणि "हॅलो" म्हणाले. भोंग्यातून जी किंकाळी उठली तिने समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली. माइकने भोंग्याचाच आवाज परत उचलायचा, तो पुन्हा भोंग्यातून सोडायचा, असं हे चक्र. स्कॉटलंडच्या जीझस अँड मेरी चेनने १९८५ मध्ये याच किंकाळीवर अख्खी रेकॉर्ड काढली आणि समीक्षकांनी डोक्यावर घेतली. तात्यांनी माइक हलवला नाही. किंकाळी चालूच.

मेस्त्रींनी मान डोलावली. "ह्यो ओके."

"एकदम ओके," तात्या म्हणाले.

टेस्टिंगचे पैसे त्यांच्याकडून घेतले नाहीत.