आर्थर रॉकने तारण काय घेतलं?

"पैसा काय, कोणीही दिला असता. डोकं लढवलं इंजिनीअरांनी आणि नाव झालं पैसेवाल्याचं!" मास्तरांनी ठिणगी टाकली आणि काल कट्ट्यावरून कोणी वेळेत घरी गेलं नाही. विषय होता व्हेंचर कॅपिटलवाला, म्हणजे नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन जोखमीचा पैसा लावणारा, आर्थर रॉक.

"कोणीही?" मी उसळलोच. "मास्तर, त्या इंजिनीअरांसाठी पैसे मागायला गेलेल्या रॉकला पस्तीसएक कंपन्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं."

गोष्ट १९५७ ची. नोबेलविजेते विल्यम शॉकली यांच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेतले आठ जण साहेबाच्या हडेलहप्पीला कंटाळले होते. त्यांतल्या यूजीन क्लायनरने न्यूयॉर्कच्या हेडन स्टोन या दलाली पेढीला पत्र धाडलं, की आम्हा आठांना एकत्र कामावर घेईल अशी कंपनी आहे का? पत्र तिशीतल्या रॉकच्या हाती पडलं. तो कॅलिफोर्नियात येऊन त्यांना भेटला आणि म्हणाला, नोकरी कशाला, स्वतःची कंपनीच काढा. पुढे त्याने लावलेल्या सगळ्या पैशांपेक्षा मला हे एक वाक्य मोठं वाटतं. नोकरी मागायला आलेल्याला मालक हो म्हणणारा माणूस आयुष्यात भेटावा लागतो.

कागदपत्रं तयार नव्हती. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लिफ्ट हॉटेलात रॉकचा वरिष्ठ बड कॉइल याने एकेका डॉलरच्या दहा नोटा काढल्या. ते आठ आणि हे दोघे अशा दहा जणांनी प्रत्येक नोटेवर, वॉशिंग्टनच्या चित्राभोवती सह्या केल्या. झाला करार! आमचे वकीलसाहेब एरवी स्टँपपेपरशिवाय बोलत नाहीत, तेही ऐकत राहिले.

पैसे शेवटी उद्योगपती शर्मन फेअरचाइल्डने दिले, सुमारे १४ लाख डॉलर. पण दोन वर्षांत ठरल्याप्रमाणे त्याच्या कंपनीने ३० लाखांना आठांच्या नव्या कंपनीचा सगळा धंदा विकत घेतला. "म्हणजे मालकी गेलीच ना?" वकील म्हणाले. गेली, हे मी मान्य केलं. ५०० डॉलर घालणाऱ्या प्रत्येकाला अडीच लाखांच्या वर मिळाले, पण घर दुसऱ्याच्या नावावर झालं.

म्हणून तर १९६८ मध्ये त्याच आठांतले रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर स्वतःची चिप कंपनी, इंटेल, काढायला तिथून बाहेर पडले. नॉइसने रॉकला फोन केला. रॉकने ओळखीच्यांना फोन करकरून दोनेक दिवसांत २५ लाख डॉलर उभे केले, स्वतःचेही घातले, आणि तो इंटेलच्या संचालक मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला.

"तारण काय घेतलं?" बँकेतल्या मित्राने विचारलं. आयुष्य कर्जाच्या फायली तपासण्यात गेलेला माणूस तो.

"नॉइस," मी म्हणालो. "दुसरं काही नव्हतंच. बाजारात आणायला चिपसुद्धा नव्हती. पण या माणसाला रॉक अकरा वर्षं पाहत होता."

हीच त्याची रीत. कागदावरच्या आकड्यांआधी तो समोरचा माणूस वाचायचा. ॲपलचंही तसंच. सॅन होजेच्या कॉम्प्युटर प्रदर्शनात बाकीचे स्टॉल ओस पडलेले आणि ॲपलपाशी पाय ठेवायला जागा नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. १९७८ मध्ये ५७,६०० डॉलर लावले. १९८० च्या डिसेंबरात ॲपलचा शेअर बाजारात आला तेव्हा त्याचे १ कोटी ४० लाख झाले होते.

इथे मास्तरांनी मला बरोबर पकडलं. "माणूस वाचायचा ना? मग १९८५ मध्ये ॲपलच्या संचालक मंडळात बसून कंपनी काढणाऱ्या स्टीव्ह जॉब्सच्या विरुद्ध, मुख्याधिकारी जॉन स्कलीच्या बाजूने कसा गेला?"

मी सांगितलं, जॉब्सच्या मॅकिन्टॉश कॉम्प्युटरचा खप अपेक्षेइतका नव्हता, तिशीच्या जॉब्सचं कोणाशी पटत नव्हतं, आणि संचालकाला आधी कंपनी बघावी लागते. वकिलांनी मान डोलावली. बँकवाला म्हणाला, मीही तेच केलं असतं.

मास्तर मात्र हलले नाहीत. "शॉकलीलाही ते आठ जण असेच डोईजड वाटले असणार. तेव्हा रॉक कोणाच्या बाजूला उभा राहिला?"

याला माझ्याकडे काल उत्तर नव्हतं. आजही नाही.