प्रकाशीय करंट सेन्सर ‘कधीच चुकत नाही’ हे खरे नव्हे

विद्युत जाळ्यातील प्रवाहमापनाविषयी एक दावा सध्या बराच पसरला आहे: प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होत नाही, म्हणून प्रकाशाने प्रवाह मोजणारा ऑप्टिकल सेन्सर चुकत नाही, त्याला कॅलिब्रेशन (प्रमाण मापाशी जुळवणी) लागत नाही आणि तो कोणत्याही करंट ट्रान्सफॉर्मरच्या (मोठा प्रवाह मोजण्याजोगा लहान करून देणाऱ्या उपकरणाच्या) जागी थेट बसवता येतो.

यातील पहिलेच विधान उलटे आहे. चुंबकीय क्षेत्रामुळे काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवणप्रतल (प्रकाशलहर ज्या प्रतलात कंप पावते ते) फिरते, हे फॅरडे यांनी १८४५ मध्ये दाखवले, आणि सेन्सर मोजतो ते हेच फिरणे. शेजारच्या वाहकाचा त्याला त्रास होत नाही हे खरे, पण त्याचे श्रेय वेढ्याला आहे: प्रकाश वाहून नेणारा काचेचा तंतू, म्हणजे फायबर, वाहकाभोवती पूर्ण बंद झाला, की अँपिअरच्या नियमानुसार आतील प्रवाहच मोजला जातो आणि बाहेरच्या प्रवाहाचा एकूण परिणाम शून्य होतो. वेढा अपुरा राहिला, तर ही सुरक्षितताही जाते.

कॅलिब्रेशनचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यावर वीजबिले अवलंबून असतात. सिलिका फायबरमध्ये १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास १,००० अँपिअरला एका वेढ्यात प्रतल जेमतेम एक मिलिरेडियन फिरते. त्यातच, या फिरण्याचे प्रमाण ठरवणारा व्हर्डे स्थिरांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००७ टक्के बदलतो; म्हणजे तापमानात ५० अंशांचा फरक पडला तर ०.३५ टक्के चूक होते, आणि ०.२ या अचूकता-वर्गाच्या मापनाला निर्धारित प्रवाहावर ०.२ टक्क्यांचीच मुभा असते. फायबर वाकवताना येणारा ताण ध्रुवण बिघडवतो, तो वेगळाच. यावर उपाय आहेत, उदाहरणार्थ फायबरच्या टोकाकडील, ध्रुवणाचे रूप बदलणाऱ्या पाव-तरंग तुकड्याचा तापमानानुसार होणारा बदल असा जुळवणे की दोन्ही चुका एकमेकींना खोडतील. पण ही जुळवणी म्हणजेच कॅलिब्रेशन.

थेट बदलून बसवण्याचे म्हणाल, तर जुने रिले (दोष ओळखून पुरवठा तोडायला लावणारी उपकरणे) ट्रान्सफॉर्मरकडून १ किंवा ५ अँपिअरचा दुय्यम, म्हणजे लहान केलेला, प्रवाह मागतात. ऑप्टिकल सेन्सर सहसा मोजमाप आकड्यांच्या रूपात देतो, जे समजणारे रिले आणि नमुन्यांची वेळ जुळवणारी यंत्रणा उपकेंद्रात असावी लागते.

त्याचे खरे गुण मात्र सांगितलेच पाहिजेत. लोखंडी गाभा नसल्याने दोषप्रवाहातील (बिघाडाच्या वेळी वाहणाऱ्या प्रवाहातील) दिष्ट, म्हणजे एकाच दिशेच्या (डीसी), घटकामुळे तो संपृक्त होत नाही, ट्रान्सफॉर्मरसारखे दुय्यम मंडल उघडे राहून घातक व्होल्टेज निर्माण होण्याचा धोका नसतो, आणि सामान्य करंट ट्रान्सफॉर्मरला न दिसणारा स्थिर दिष्ट प्रवाहही तो मोजतो.