बूट घालून मोठा, बूट काढून लहान

मुलाची उंची बूट घालून मोजायची की काढून, एवढं एकदा ठरवून टाका बाबांनो. मग काय लुटायचं ते लुटा.

परवाच्या रविवारी सहकुटुंब वॉटर पार्क झालं. कुठलं ते विचारू नका, सगळे एका माळेचे मणी. मे महिना, शाळेला सुट्टी, घरात पाहुणे, म्हणजे जावंच लागतं. नाही नेलं तर "तुम्ही आम्हाला कुठेच नेत नाही" हे दिवाळीपर्यंत ऐका. मी, नवरा, सहावीत गेलेले चिरंजीव, नणंद, तिचं आठ महिन्यांचं बाळ आणि सोलापूरहून आलेली माझी मावशी. मावशी पाण्यात उतरणार नव्हती. तिनं ते घरातून निघतानाच जाहीर केलं होतं. तरी तिचं तिकीट पूर्ण. "एन्ट्री सगळ्यांना सेम आहे मॅडम." हे मॅडम म्हणजे नाही म्हणायची नवी पद्धत. पूर्वी नुसतं नाही म्हणायचे.

तर खिडकीशेजारी भिंतीवर जिराफ रंगवलाय. त्याच्या मानेवर लाल रेघ, 4 फूट 6 इंच. रेघेखाली हाफ, रेघेवर फुल, फरक 300 रुपये. चिरंजीव जाऊन जिराफाला टेकले. पायात शाळेसाठी आताच घेतलेले स्पोर्ट्स शूज, वाढत्या पायाचे, जाड तळव्याचे. डोक्यावर नव्या फॅशनची उभी झुलपं. आतल्या माणसानं खुर्चीवरून अर्धवट उठून एक नजर टाकली आणि म्हणाला, "फुल." मी म्हटलं, अहो बूट तर काढू द्या. तो म्हणाला, मागे लाईन आहे मॅडम. आणि मागच्या लाईननं लगेच "चला ना ताई, ऊन लागतंय" सुरू केलं. आपल्याकडे लाईनसुद्धा खिडकीच्याच बाजूची असते.

दिले 300. सणासुदीला भांडण नको म्हणून दिले.

आता पुढचं ऐका. ज्या उंच घसरगुंडीसाठी पोरानं पंधरा दिवस डोकं खाल्लं होतं, तिच्या लोखंडी जिन्यावर, डोक्यावर ट्यूब घेऊन, उन्हानं तापलेल्या पायऱ्यांवर एक पाय वर एक पाय खाली करत आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो. तिथे शिट्टी गळ्यात घातलेला एक विशीतला मुलगा. हातात काठी, काठीवर खूण, 140 सेंटिमीटर. काठी उभी केली, पोराच्या डोक्यावर तळवा ठेवला, झुलपं सपाट दाबली. "नाही होत. किड्स झोनला जा बेटा. काकू, तुम्ही बाजूला व्हा, मागच्यांना येऊ द्या."

काकू! आणि किड्स झोन म्हणजे काय, तर प्लास्टिकच्या छत्रीवरून पाणी गळतं आणि खाली घोट्याएवढ्या पाण्यात डायपर घातलेली बाळं बसलेली असतात. फुल तिकिटाचा माणूस तिथे जाऊन काय करणार? बाळं सांभाळणार?

राईडला उंची लागते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ट्यूबमध्ये नीट बसता आलं पाहिजे, खाली पडल्यावर पाण्यात उभं राहता आलं पाहिजे. तिथे एक सूतही सोडू नये, त्या मुलानं सोडलं असतं तर मीच त्याच्यावर ओरडले असते. पण तिकिटाला कसली आलीय सुरक्षितता? खिडकीतून पोरगं आत पडणार होतं का?

आणि मोजमापाच्या गोष्टी मला सांगू नका. मी ब्लाऊज शिवते. माझं घर टेपवर चालतं. अर्धा इंच मुंढा चुकला तर बाई दुसऱ्या दिवशी सकाळी दारात. खिडकीवर माप फुटात आणि जिन्यावर सेंटिमीटरमध्ये, हे उगाच नाही. लाईनीतल्या माणसाला हिशेब लागू नये म्हणून आहे. मी लावला. 4 फूट 6 इंच म्हणजे 54 इंच. 140 सेंटिमीटर म्हणजे 55 इंचाला जरा वर. मधल्या इंचभरात जे पोर सापडलं, ते पैसे द्यायला मोठं आणि मजा करायला लहान. माझं पोर तर त्या इंचातही नव्हतं. लॉकर उघडून पर्समधली टेप आणली आणि भिंतीला उभं करून मोजलं: अनवाणी साडेत्रेपन्न. अर्धा इंच खाली! म्हणजे 300 रुपये बुटाच्या तळव्याचे घेतले.

एसटीचं कसं सरळ आहे. 5 ते 12 वर्षं, अर्धं तिकीट. पोरगं ताडमाड असो की गिड्डं. कंडक्टरला शंका आली तर तो आईला विचारत नाही, पोरालाच विचारतो, "कितवीत रे बाळा?" आणि आई मागून चिमटा काढते. रेल्वेनं 2016 पासून या वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं लावलं. तेव्हाही मी चिडले होते. पण निदान पूर्ण भाड्यात पूर्ण बर्थ मिळतो हो. टीसी येऊन असं म्हणत नाही की बेटा, तुझे पाय शेवटपर्यंत पोचत नाहीत, तू खाली जमिनीवर झोप.

मी निघाले खिडकीकडे. तापलेल्या फरशीवरून अनवाणी, एका हातात टेप, दुसऱ्या हातात पोराचं मनगट. पोरगं "आई जाऊ दे ना, आई जाऊ दे ना". खिडकीतल्याला म्हटलं, हे बघा, साडेत्रेपन्न, 300 परत करा. तो म्हणाला, तिकीट स्कॅन झालंय मॅडम, आता सिस्टीममध्ये काही होत नाही. म्हटलं, सिस्टीमनं मोजली का उंची? तुम्ही मोजलीत, तीही बसल्या जागेवरून. तो म्हणाला, उंची बुटासकटच धरतात. म्हटलं, कुठे लिहिलंय? त्यानं जिराफाकडे बोट दाखवलं. जिराफाच्या पायात बूट नव्हते, हे मी त्याला सांगितलं.

मग मी मावशीला पुढे केलं. मावशीची उंची 4 फूट 5 इंच, चपला घालून. म्हटलं, रेघेखाली आहे, हाफ द्या. तो म्हणाला, मोठ्या माणसांचं वय बघतो मॅडम. बरं, मग सिनियर सिटिझन? ते साठच्या पुढे. मावशी अठ्ठावन्न. म्हणजे लहानांची उंची बघायची, मोठ्यांचं वय बघायचं, आणि दोन्हीकडून जिथे जास्त पैसे पडतात तिथेच माणूस नेमका बसतो. मावशी म्हणाली, "अगं, मला पाण्यातच जायचं नाही तर मी कशाला आले?" हा प्रश्न तिनं दिवसभर अधूनमधून विचारला. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

"मॅनेजरला बोलवा" असं मी इतक्या जोरात म्हटलं की नारळपाणीवाला वळून बघायला लागला. आणि तेव्हा समोरच्या काचेत माझं ध्यान मला दिसलं. भाड्याचा पोपटी नायलॉनचा सूट, ढगळ, गुडघ्याच्या खाली लोंबणारी चड्डी, केसांतून पाणी गळतंय, आणि पाठीवर काळ्या शाईनं नंबर 217. येरवड्याहून पळून आल्यासारखी दिसत होते. या वेषात ग्राहक हक्क मागता येत नाहीत. बाजीराव पेशवे जरी त्या पोपटी चड्डीत उभे राहिले असते तरी त्यांना कुणी मॅनेजर बोलावून दिला नसता. नवरा, जो या सगळ्या वेळात ओळख नसल्यासारखा आईस्क्रीमच्या टपरीपाशी उभा होता, तो हळूच म्हणाला, "झालं का?"

झालं नाही. त्या सूटचंही सांगते. सुती कपडे चालत नाहीत, धागे सुटतात आणि फिल्टरमध्ये अडकतात, हे खरं आहे. म्हणूनच मी घरून स्वतः शिवलेला पॉलिस्टर-लायक्राचा टॉप आणि लेगिंग नेली होती. गेटवरच्या बाईनं चिमटीत कापड धरलं आणि म्हणाली, "हे कॉटन आहे." मला! मी म्हटलं, बाई, एक धागा काढून जाळून दाखवते, कॉटनची राख होते, याची गोळी होईल. तर म्हणे आत काडेपेटी अलाऊड नाही.

डबापण अलाऊड नाही. मावशीनं पहाटे उठून दशम्या केल्या होत्या, बरोबर शेंगाचटणी, सोलापूरची. सिक्युरिटीवाल्यानं डबा उघडला, वास घेतला, मान डोलावली आणि जप्त केला. टोकन दिलं. 2023 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं थिएटरांना बाहेरचं खाणं अडवायची मोकळीक दिली, पण त्याच निकालात सांगितलं की पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट ठेवा आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नका. निकाल थिएटरांपुरता, पण त्यातली पहिली ओळ तेवढी या गेटवाल्यांनी पाठ केलेली दिसते. नणंदेच्या बाळाची नाचणीची पेज सोडायला त्यांना सुपरवायझर लागला. तो आला, त्यानंही झाकण काढून वास घेतला. नाचणी आहे हो, ताडी नाही!

आत वडापाव 80 रुपये. वडा थंड, पाव गरम. हे कसं जमतं? फुकट पाण्याचा कूलर होता, चेंजिंग रूमच्या मागे, त्याचा नळ साखळीनं बांधलेला ग्लास सोडून बाकी सगळीकडे पाणी देत होता. आणि पैसे रोख चालत नाहीत. आधी कार्ड घ्यायचं, त्यात पैसे भरायचे. उरलेले परत मिळतात, पण संध्याकाळी, वेगळ्या खिडकीवर, वेगळ्या लाईनीत.

बिलावर जीएसटी वेगळा दाखवतात ते बघून आठवलं. 2017 मध्ये या पार्कांना 28 टक्के लागला होता, तेव्हा दर वाढले, म्हणाले सरकारनं केलं. जानेवारी 2018 मध्ये तो 18 वर आला. तेव्हा दर खाली आलेले कुणाच्या पाहण्यात असतील तर सांगा, मी त्यांच्या पोराची मुंज फुकट शिवून देईन.

वेव्ह पूलमध्ये लाटा तासातून दहा मिनिटं. बाकी वेळ नुसतं कोमट पाणी आणि माणसं. भोंगा वाजला की सगळा गाव किंचाळत धावतो. आणि तो जो डोळ्यांत जाणारा वास येतो ना, तो "व्वा, पाण्यात भरपूर क्लोरीन आहे" असा वास नसतो. क्लोरीनची घामाशी आणि लघवीशी गाठ पडली की क्लोरामाईन तयार होतं, त्याचा तो वास. डोळे लाल होतात ते त्यानंच. हे नवऱ्याला तिथेच गळ्याएवढ्या पाण्यात सांगितलं तर म्हणाला, "आत्ताच सांगायचं होतं का?"

रेन डान्सबद्दल मी बोलणारच नाही. ढोल-ताशा चालतो मला, लग्नातला बँजो चालतो, पण ते धाडधाड छातीत वाजणारं आणि मधूनच "आवाज कुणाचा" ओरडणारं पोरगं नको. कुणाचा म्हणजे? तुझाच की!

मी लहानपणी पुण्याच्या पेशवे पार्कात फुलराणीत, म्हणजे तिथल्या छोट्या आगगाडीत बसलेय. 1956 मध्ये सुरू झालेली ती. डबा पत्र्याचा, वेग सायकलचा, पण जिराफाला टेकवून कुणी माझी उंची मोजली नव्हती. पुढे मुंबईच्या आत्याकडे गेल्यावर होडीनं खाडी ओलांडून गोराईच्या एस्सेलवर्ल्डलाही गेलो. 1989 मध्ये निघालेलं ते. तिथेही लायनी होत्या, तिथेही आई चिडलेली होती, आणि "पुन्हा नाव काढलंत तर बघा" असं ती परतीच्या होडीत म्हणाली होती. हे मला परवाच का आठवावं कुणास ठाऊक. आईचा आवाज माझ्यासारखाच आहे, किंवा उलट.

चिरंजीव म्हणाल तर मजेत. दिवसभर त्या छोट्या घसरगुंडीवर पन्नास फेऱ्या मारल्या असतील. तिथे मापाचा प्रश्न नव्हता. त्याला सांगितलं, तुझे 300 रुपये गेले. तो म्हणाला, "तुझे गेले."

शेवटी डिपॉझिटची लाईन. सूट परत करायचे, प्रत्येकी 200 परत घ्यायचे. काउंटरवरच्या पोरानं माझी चड्डी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "नाडी नाही. 50 कट."

नाडी नाही! अरे, नाडी नेफ्यात आत गेलीय. ओल्या नायलॉनची नाडी आत जाणारच, तुम्ही टोकाला गाठ मारत नाही. तो म्हणाला, आम्हाला बाहेर दिसली पाहिजे. मी पर्स उघडली, सेफ्टीपिन काढली, चड्डी काउंटरवर आडवी पसरली आणि चाचपून टोक शोधलं. दोन मिनिटं लागली. मागे लाईन थांबली होती, थांबू दे. नाडी बाहेर काढली, दोन्ही टोकं सारखी केली, टोकांना गाठी मारल्या आणि चड्डी त्याच्यासमोर सरकवली. 200 मोजून घेतले.

मागे उभी असलेली बाई पोपटी चड्डी पुढे करून म्हणाली, "ताई, माझीही आत गेलीय."

नवऱ्याला म्हटलं, तू गाडी काढ आणि मावशीच्या डब्याचं टोकन दे तिकडे. मला अर्धा तास लागेल.