मुंबईत बसून ऊस लावण्याची सोपी रीत

गावाकडं दोन एकर जमीन आहे, सातबाऱ्यावर वडिलांच्या मागं तुमचं नाव लागलंय आणि परळ, भांडुप नाहीतर डोंबिवलीत राहून दर मे महिन्यात तुम्ही म्हणता, 'यंदा त्या जमिनीचं काहीतरी करायला पाहिजे.' तर ऐका. करायचं काहीच नाही. ऊस लावायचा.

तोही आडसाली लावा. जुलै-ऑगस्टमध्ये लागण झाली की सोळा-अठरा महिने तिकडं बघायला नको. मध्ये दोन गणपती येऊन जातात, दोन दिवाळ्याही होतात. सुरू ऊस लावला तर तो बारा महिन्यांत तोडीला येतो आणि तुम्हाला उगाच रजा टाकावी लागते. सरी, बेणं, बाळबांधणी, मोठी बांधणी, खोडवा हे शब्द मात्र पाठ करून ठेवा. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये 'आमचा खोडवा यंदा जरा मार खाल्ला' असं म्हटलं की चौथ्या सीटवरचा माणूसही अदबीनं सरकतो.

प्रत्यक्ष काम चुलतभाऊ करतो. आमच्याकडं आण्णा करतात. तालुका खटाव, म्हणजे सह्याद्रीनं पाऊस महाबळेश्वरातच अडवून ठेवल्यावर उरलेले ढग जिथं फक्त सावली देऊन जातात तो भाग. आमच्या आजोबांनी तिथं ज्वारी, बाजरी, मटकी केली आणि पोट भरेना म्हणून गिरणीत आले. कालव्याचं पाणी आलं आणि आण्णांनी ऊस लावला. मी एकदा शहाणपणा करून विचारलं होतं, "आण्णा, एवढ्या पाण्याचं पीक कशाला?"

"टमाटू रस्त्यावर वतलेला बघितलाय का न्हाई टीव्हीवर? कांदा वतलेला बघितलाय. ऊस कुणी वतलेला बघितलास का?"

बघितला नव्हता. बाकी मालाचा भाव व्यापारी सांगतो, उसाचा सरकार लिहून देतं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान भाव, आणि तोडल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचा नियम १९६६ सालापासूनचा. नियम कसा पाळला जातो ते आण्णांच्या पासबुकाला विचारा. पण निदान कोणाला शिव्या द्यायच्या ते तरी ठरलेलं असतं. दुसऱ्या कुठल्या पिकात ही सोय आहे?

पाण्याची काळजी तुम्ही करायची नाही. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यात सत्तर टक्क्यांच्या घरात, असं कृषी मूल्य आयोग सांगत आलेला आहे. सांगू दे. मोटारीला थ्री फेज लाईट बहुधा रात्रीची असते, तेव्हा आण्णा बॅटरी घेऊन दारं मोडायला, म्हणजे सरीसरीत पाणी सोडायला, जातात. जुन्नरकडं बिबट्याची मादी उसातच विते, तसं आपल्याकडंही होऊ लागलंय म्हणतात. तुम्ही घाबरू नका. बिबट्या बोरिवलीलाही आहे, फक्त तो लिफ्टनं वर येत नाही.

आता तुमच्या वाट्याचं एकमेव काम. पेट्रोल पंपावर जायचं.

पोरगा म्हणेल, "झिरो बघा साहेब." झिरो जरूर बघा. त्याच्या पुढं जे २० असतं ते बघू नका. २०२५ साली देशाच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायला लागलं. ठरलं होतं २०३० ला, आपण पाच वर्षं आधीच गाठलं. मेट्रोचं एखादं स्टेशन कधी वेळेआधी उघडलेलं पाहिलंय? मग कौतुक करा. तुमच्या स्कूटरच्या पाच लिटरच्या टाकीत एक लिटर इथेनॉल असतं. एका टन उसातून रस काढून थेट इथेनॉल केलं तर सत्तर लिटरच्या आसपास निघतं, म्हणजे तुमच्या टाकीत चौदा किलो ऊस आहे. तुळशीच्या लग्नाला दादरच्या बाजारातून पाच ऊस आणताना तुम्ही किती घासाघीस करता! इथं दोन मांडवांचा ऊस ती बया एका दमात पिते आणि सोमवारी पुन्हा तोंड उघडते. 'ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये' ही म्हण आपल्याला लागू नाही, कारण आपण खातच नाही. जाळतो.

त्या एका लिटरमागं पाणी किती? नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच आकडा दिलाय: २८६० लिटर. ज्यांनी वीस टक्क्यांचा रस्ता आखून दिला त्यांनीच हे लिहिलंय, तेव्हा विरोधकांचा कट वगैरे म्हणायची सोय नाही. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी असा सरकारी हिशेब असतो. चौघांच्या घरातलं पाच दिवसांचं आंघोळ-भांडी-कपडे धरून सगळं पाणी तुम्ही सीटखाली घेऊन फिरताय. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कृपया गाड्या पाइपनं धुऊ नयेत' अशी सूचना आली की अंगठा दाखवायला हरकत नाही. धुतलेल्या गाडीपेक्षा चालवलेली गाडी जास्त पाणी पिते, हे सेक्रेटरींना कशाला सांगायचं?

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, आठवतं? 'जलदूत' तिचं नाव. आधी दहा वाघिणी, मग पन्नास. पन्नास वाघिणींत पंचवीस लाख लिटर. आपण सगळ्यांनी ते फोटो फॉरवर्ड केले होते, मीही केले. त्या अख्ख्या गाडीतल्या पाण्याचं उसामार्गे इथेनॉल केलं तर पावणेनऊशे लिटर भरतं. पावणेनऊशे स्कूटरी, एकेकदा टाकी फुल. ठाण्याच्या एका स्टेशनबाहेर याहून जास्त स्कूटरी उभ्या असतात.

मायलेज कमी झालं म्हणून कुरकुरू नका. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, हे रसायनशास्त्र आहे, त्यावर उपोषण करता येत नाही. जुन्या चारचाकीला सहा-सात टक्के, दुचाकीला तीन-चार टक्के घट धरावी असं त्याच आराखड्यात म्हटलंय. पंपावरचा दर मात्र घटत नाही. फरक आहे तो देणगी समजा, पावती मागू नका. शिवाय कुर्ल्याहून बीकेसीला जाताना गाडी चालते कुठं? ती उभ्या उभ्या ऊस चघळते.

तोडणीच्या वेळी गावी जाऊ नका. चिटबॉय, मुकादम, ट्रॅक्टरवाल्याची एंट्री यात तुमचं काम नाही. टोळी बीडकडून येते. नवरा-बायको मिळून मोजतात 'एक कोयता', म्हणजे दोन माणसांना नावाचीही गरज उरत नाही. उचल आधी घेतलेली असते, ती फेडेपर्यंत तोडायचं. एक दिवस खाडा झाला तर दंड, मग तो पाळीमुळं का असेना. म्हणून २०१९ मध्ये सरकारी समितीपुढं आलं की बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. यावर मला काही विनोद सुचला नाही. पुढं जाऊ.

आपल्या उसाची साखर होणार की पेट्रोल, हे ठरवायची घाई करू नका. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, कारण साखर कमी पडेल असं वाटलं. तोवर कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या होत्या. आठवडाभरात थोडी ढील, पुढच्या ऑगस्टमध्ये पुढच्या हंगामासाठी पुन्हा मोकळीक. कारखान्यांचीही बाजू आहे. साखर गोदामात महिनोन् महिने पडून राहते, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून तीन आठवड्यांत येतात आणि त्यातून आण्णांचं बिल निघतं. त्यामुळं आण्णांना इथेनॉलबद्दल बोललेलं खपत नाही. फडात उभ्या उसाला काय, तो कसाही गोडच लागतो. रोज सकाळी त्याला विचारायचं, 'आज काय व्हायचंय बाबा, चहा की स्कूटर?'

आता तुमच्यातला एखादा पेपर वाचणारा म्हणेल, हल्ली इथेनॉल उसापेक्षा मक्याचंच जास्त होतं. अगदी बरोबर! मग मका लावा. पाणी कमी, चार महिन्यांत मोकळं, टनाला ३८० लिटरच्या आसपास इथेनॉल. २०२५-२६ च्या हंगामाला हमीभाव क्विंटलला २४०० रुपये. खळ्यावर व्यापारी मूठभर दाणे हातात घोळवतो, 'ओल हाय' म्हणतो आणि हमीभाव तिथंच सुकतो. लष्करी अळी नावाची अमेरिकन पाहुणी २०१८ पासून आलेली आहे. पोंग्यात बसून तिचं आधी जेवण, मग कोंबडीचं, मग गाडीचं. माणसाचा नंबर सी-फेसवर लागतो, लिंबू-तिखट चोळलेल्या कणसाला.

कोंबडीचं मात्र वाईट झालं. मका हे तिचं मुख्य अन्न, आणि आता तिच्या शेजारी पंगतीला टाकी येऊन बसली. मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनहून मका आणायला लागला. भुर्जीपावच्या गाडीवर भाव वाढला की त्या बिचाऱ्या भय्यावर ओरडू नका, पंपाकडं बोट करा. मक्याचं इथेनॉल गाळल्यावर खाली जो चोथा उरतो तो पशुखाद्य म्हणून स्वस्तात विकला जातो, मग सोयाबीनच्या पेंडीला विचारत नाही कोणी, मग सोयाबीनही पडतं. कुठलं सोयाबीन? लातूरचं. लातूरच्या शेतकऱ्याचं नशीब इतकं पक्कं की ऊस लावला तर पाणी जातं आणि नाही लावला तर भाव.

माझं स्वतःचं सगळं सुरळीत चाललं होतं. या जुलैत चार दिवस पाऊस कोसळला आणि जुनी स्कूटर सुरू होईना. ढकलत नाक्यावरच्या मेकॅनिककडं नेली. त्यानं टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं आणि कट्ट्यावर ठेवलं. दहा मिनिटांत बाटलीत दोन थर दिसायला लागले.

"पाणी झालंय साहेब. इथेनॉल पाणी ओढतं. पावसात उभी होती ना?"

तेवढ्यात आण्णांचा फोन.

"बोअर उचकी द्याया लागलंय बघ. कालव्याचं आवर्तन कवा सुटंल काय पत्त्या न्हाई. टँकर सांगितलाय, पर ऊस टँकरवर किती दिस जगवायचा? तिकडं हाय का पाऊस?"

"लय हाय आण्णा."

"मंग दे की थोडा लावून."

मेकॅनिकनं बाटली उचलली. "हे खालचं गटारात ओतू?"

"थांब जरा," मी म्हटलं.