तेजाब ओतलं की तांबं निघतं? त्या फॉरवर्डला एकेक मुद्द्याने उत्तर

महिनाभर झाला, आपल्याकडे नागपूरच्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे, सोबत दीड मिनिटाचा व्हिडिओ. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तांबं काढायला आता भट्टी लागतच नाही, लीचिंग नावाचं नवीन तंत्र आलंय, खनिजाच्या चुऱ्यावर पातळ तेजाब ओतायचं, त्यात बॅक्टेरिया सोडायचे, महिन्याभरात सगळं तांबं पाण्यात उतरतं, वीज नाही, धूर नाही म्हणून प्रदूषण शून्य, वरून सोनं-चांदी बोनस. परदेशात भट्ट्या बंद पडल्या, आपल्याकडे मात्र मध्य प्रदेशातल्या मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीचा माल अजून भट्टीतच जातो. आणि सगळ्यात शेवटी, पंधरा लाखात शेडमध्ये प्लांट टाका, खालच्या नंबरवर फोन करा.

मी खनिजं तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करतो, दगड दळणं, तेजाबात विरघळवणं, त्यात धातू किती ते मोजणं हे माझं रोजचं काम. एरवी अशा मेसेजकडे मी दुर्लक्ष केलं असतं, पण गोंदियाच्या माझ्या मावसभावाने या प्लांटसाठी हिंगण्यात शेड बघून ठेवली आणि शेतीच्या पैशातून टोकन द्यायला निघाला, म्हणून हे सगळं बसून लिहितोय.

आधी तो व्हिडिओ. काचेच्या भांड्यात निळंशार पाणी, त्यात लोखंडी खिळा टाकला, थोड्या वेळात खिळा लाल झाला, "बघा तांबं निघालं". भाऊ, ते निळं पाणी म्हणजे मोरचूद. आपल्या काटोल-नरखेडचा कोणताही संत्रावाला ओळखेल, बोर्डो मिश्रणात चुन्यासोबत तोच घालतात. मोरचुदाच्या पाण्यात तांबं आधीच विरघळलेलं असतं, लोखंड टाकलं की लोखंड पाण्यात जातं आणि तांबं त्याच्या जागी बसतं, हा प्रकार कित्येक शतकं जुना आहे, स्पेनमधल्या रिओ टिंटोच्या खाणींवर असंच तांबं धरायचे. पण खडकातलं तांबं त्या निळ्या पाण्यापर्यंत आणायचं कसं, सगळं अवघड काम तिथेच आहे आणि व्हिडिओ त्याच्या नंतर सुरू होतो! शिवाय खिळ्यावर बसलेलं ते तांबं लोखंडाने मळलेलं असतं, ते शुद्ध करायला पुन्हा वितळवावंच लागतं, म्हणजे भट्टी आलीच.

आता पहिला दावा, तेजाब ओतलं की तांबं उतरतं. हे कोणत्या खनिजाबद्दल बोलताय त्यावर आहे, आणि अख्ख्या मेसेजमध्ये खनिजाचं नावच नाही. मी मावसभावाला लॅबमध्ये बोलावलं आणि त्याच्यासमोर दोन बीकर मांडले. एकात मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचा हिरवा ऑक्साइड गटातला दगड, बारीक करून. दुसऱ्यात चाल्कोपायराइट, पितळेसारखा पिवळा चमकणारा, ज्यात तांबं, लोखंड आणि गंधक एकत्र बांधलेलं असतं. दोन्हींत सारखंच पातळ सल्फ्युरिक ॲसिड. पहिल्या बीकरमध्ये सोड्यासारखे बुडबुडे आले आणि चहा संपेपर्यंत पाणी निळं झालं. दुसऱ्यात काहीच झालं नाही. तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हाही दुसऱ्या बीकरचं पाणी जवळपास जसंच्या तसं होतं, तळाला पिवळा चुरा तसाच बसलेला. तो बराच वेळ बीकर उजेडात धरून बघत होता.

आणि जगातल्या तांब्याच्या साठ्यांपैकी साधारण ७० टक्के याच दुसऱ्या बीकरमधल्या खनिजात आहे. मलाजखंडला वरच्या थरात थोडा हिरवा माल होता, पण मुख्य साठा चाल्कोपायराइटचाच. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासन्याचंही तेच. त्यामुळे पहिल्या बीकरचा निकाल दाखवून दुसऱ्या बीकरवर पैसे मागणं ही सरळ सरळ फसवणूक आहे, मी याला दुसरा शब्द वापरणार नाही.

चाल्कोपायराइट विरघळत नाही असं नाही, पण नुसत्या तेजाबाला तो दाद देत नाही, त्याला ऑक्सिडायझर, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेणारं रसायन लागतं, बहुतेक ठिकाणी पाण्यात विरघळलेलं फेरिक लोखंड. आणि तो लावला तरी सुरुवातीला थोडं तांबं निघतं, मग कणावर एक पापुद्रा धरतो आणि काम थंडावतं. हा पापुद्रा नक्की कशाचा, गंधकाचा, गंधकाच्या साखळ्यांचा की लोखंडाच्या साक्याचा, यावर जाणकारांचे आजही वाद चालू आहेत. त्यावर उपाय आहेत. एक म्हणजे कॉन्सन्ट्रेट, म्हणजे दगडातून वेगळा काढलेला तांब्याच्या खनिजाचा चुरा, दळून दळून १० मायक्रॉनच्या आसपास आणायचं. दुसरा म्हणजे जाड पोलादाच्या बंद ऑटोक्लेव्हमध्ये २०० अंशांच्या वर तापवून दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन सोडायचा, अमेरिकेत ॲरिझोनातल्या बॅगडाड खाणीवर २००३ साली असा प्लांट चालू झाला, तापमान सव्वादोनशेच्या घरात. तिसरा उपाय क्लोराइडचं द्रावण, त्यात हे खनिज लवकर विरघळतं पण साधं स्टील खाऊन टाकतं, म्हणून टायटॅनियमसारखे महाग धातू वापरावे लागतात. यातलं काहीही पंधरा लाखाच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसत नाही.

महिन्याभराचं म्हणाल तर ऑक्साइडचा ढीग काही महिन्यांत तांबं देतो, चाल्कोसाइटसारखा दुय्यम सल्फाइड, म्हणजे गंधकाशी बांधलेलं पण सोपं विरघळणारं खनिज, असेल तर त्याहून जास्त वेळ, आणि चाल्कोपायराइटचे साधे डंप, म्हणजे कमी प्रतीच्या दगडाचे ढीग, वर्षानुवर्षं ठिबकत राहतात, तरी बरंचसं तांबं आतच राहतं.

बॅक्टेरियाचा मुद्दा मला जिव्हाळ्याचा आहे कारण तो अर्धा खरा आहे आणि खरा भाग फार सुंदर आहे. खाणीतून वाहणाऱ्या आंबट तांबूस पाण्यात लोखंडावर जगणारे जिवाणू असतात हे १९४७ मध्ये समोर आलं. आज त्यांना ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स म्हणतात. तांबं ते खात नाहीत. फेरिक लोखंड सल्फाइडवर काम करून फेरस होतं, थकतं म्हणा, आणि हे जिवाणू त्याला हवेतल्या ऑक्सिजनने परत फेरिक करून देतात. किती वेळा? चाल्कोपायराइटमधून १ किलो तांबं सोडवायला साधारण साडेतीन किलो फेरिक खर्ची पडतं, कागदावर रेणू मांडून कोणीही हा हिशोब करून बघू शकतो. ते सगळं पुन्हा पुन्हा ताजं करायचं तर ढिगाच्या पोटात हवा पोचली पाहिजे, म्हणजे खालून पाइप आणि रात्रंदिवस चालणारे ब्लोअर. वर तेजाबाचं ठिबक, ते फिरवायला पंप. आणि हे जिवाणू ३० अंशांच्या आसपास खूश असतात, चाळिशीच्या वर गेलं की मंदावतात, मरतात. आपल्या मे महिन्यात ४५ अंशात पत्र्याच्या शेडखाली टाकीत ते काय टिकणार? चाल्कोपायराइटला खरं तर ६५ ते ८० अंशांत जगणारे वेगळे सूक्ष्मजीव जास्त उपयोगी, पण मग टाकी तेवढी गरम ठेवा, बाष्प उडून जातं त्याचं पाणी भरा. यातलं फुकट काहीच नाही.

"वीज लागत नाही" हे तर अगदीच चुकीचं. विरघळलेलं तांबं आधी सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनने, म्हणजे केरोसिनसारख्या तेलात मिसळलेल्या खास रसायनाने लोखंडापासून वेगळं काढतात आणि मग विजेने पत्र्यावर चढवतात, त्याला इलेक्ट्रोविनिंग म्हणतात, आणि तिथे एका किलोला साधारण २ युनिट जातात. भट्टीच्या रस्त्याने आलेलं तांबं शुद्ध करतानाही वीज लागते, पण किलोला अर्ध्या युनिटपेक्षा कमी, आणि भट्टीत बरीचशी उष्णता सल्फाइडमधलं गंधक आणि लोखंड जळूनच मिळते.

आता प्रदूषण शून्य. यावर जरा थांबून बोलतो, कारण तुतिकोरिनचा स्मेल्टर, म्हणजे तांबं वितळवायची मोठी भट्टी, मे २०१८ मध्ये बंद झाला त्यामागे लोकांचा खरा त्रास होता, गोळीबारात माणसं गेली, त्यामुळे धुराविना तांबं म्हटलं की माणसाला ते पटावंसं वाटतं, मलाही वाटतं. पण गंधक कुठे जाणार? चाल्कोपायराइटमध्ये १ टन तांब्याबरोबर जवळपास १ टन गंधक असतं. भट्टीत त्याचा २ टन सल्फर डायऑक्साइड होतो, चांगल्या स्मेल्टरमध्ये तो बहुतेक सगळा पकडून तेजाब करतात, नीट न पकडला तर गावावर येतो. लीचिंगमध्ये गंधक पूर्ण ऑक्सिडाइझ झालं तर तेच ३ टनांच्या वर तेजाब तुमच्या टाकीत तयार होतं. शेजारी ऑक्साइडचा ढीग असेल तर ते तिथे वापरता येतं. नसेल तर चुन्याने मारा, म्हणजे एका टन तांब्यामागे पाच टनांच्या वर जिप्समचा गाळ. त्याच्या जोडीला पाऊण टनाच्या वर लोखंड, तेही गाळातच, आणि खनिजात आर्सेनिक असेल तर तेही तिथेच. हा गाळ प्लास्टिकच्या अस्तराच्या तलावात ठेवावा लागतो, अस्तर फाटलं तर खाली विहिरी आहेत. धूर निदान दिसतो, हे झिरपलेलं वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही. हिंगण्याच्या शेडचा गाळ कोणत्या नाल्यात जाणार होता हे मी मावसभावाला विचारलं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

एक गोष्ट जीवाची म्हणून वेगळी सांगतो. काही सल्फाइडं, पायरोटाइट किंवा जस्ताचं स्फॅलेराइट, तेजाबात पडली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. जास्त झाला की नाकाला तो वास येणंच बंद होतं आणि माणूस तिथेच पडतो. बंद शेडमध्ये, मास्कशिवाय, कोणीही हे करून बघू नका, कृपा करून.

सोनं-चांदीचं लवकर आटपतो. या तेजाबात सोनं विरघळत नाही, चांदीही बहुतेक गाळातच राहते. भट्टीच्या रस्त्यात दोन्ही तांब्याबरोबर जातात आणि शेवटच्या शुद्धीकरणात तळाशी साचतात, म्हणजे ज्याला बोनस म्हणतात तो खरा भट्टीवाल्यालाच मिळतो. लीचिंगवाल्याला गाळावर पुन्हा सायनाइड चालवावं लागतं, आणि गाळात मोकळं गंधक असलं की ते सायनाइड खातं.

राहिला "नवं तंत्र, परदेशात भट्ट्या बंद" हा दावा. सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन आणि इलेक्ट्रोविनिंगचा पहिला व्यापारी तांबं प्लांट ॲरिझोनात ब्लूबर्ड खाणीवर १९६८ मध्ये निघाला. माँटानात ॲनाकोंडा कंपनीने १९७४ मध्ये अमोनियाने सल्फाइड कॉन्सन्ट्रेट विरघळवायचा मोठा प्लांट उभारला, आर्बिटर प्रोसेस म्हणतात त्याला, काही वर्षांतच तो बंद झाला. इतके हुशार लोक पन्नास वर्षं याच्या मागे आहेत. आजही जगात खाणीतून निघणाऱ्या तांब्यापैकी लीचिंगचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आत-बाहेरच आहे, त्यातही बहुतेक ऑक्साइड आणि दुय्यम सल्फाइडचं. आणि भट्ट्या बंद? आपल्याच देशात गुजरातेत मुंद्र्याला २०२४ मध्ये नवा स्मेल्टर चालू झाला, पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ५ लाख टन. मलाजखंडला १ टक्क्याच्या आसपासचा दगड दळून फ्लोटेशनने फेसावर उचलतात, चाल्कोपायराइट तसा छान तरंगतो, २५ टक्क्यांच्या आसपासचं कॉन्सन्ट्रेट होतं आणि ते भट्टीला जातं. यात कोणाचं कारस्थान नाही.

मी लीचिंगच्या विरोधात नाही, उलट मला ते फार आवडतं. जो दगड दळायच्या खर्चालाही परवडत नाही अशा डंपातून तांबं काढायला दुसरा रस्ताच नाही. चिलीत केब्राडा ब्लांकाला समुद्रसपाटीपासून ४४०० मीटर उंचीवर १९९४ पासून जिवाणूंच्या ढिगातून तांबं काढलं, तिथे मुख्य खनिज चाल्कोसाइट होतं म्हणून जमलं. एनार्जाइट नावाचं आर्सेनिकवालं तांब्याचं खनिज घ्यायला स्मेल्टरवाले कुरकुरतात, तिथेही लीचिंग कामाचं आहे. मलाजखंडच्या कमी प्रतीच्या दगडावर आपल्या देशातल्या प्रयोगशाळांनी बॅक्टेरियाचे प्रयोग केलेत, ते वाढावेत, मोठे व्हावेत असं मला मनापासून वाटतं.

मावसभावाने टोकन अजून दिलेलं नाही. त्याने त्या नंबरवर चार गोष्टी लेखी मागितल्या: खनिज कोणतं आणि कुठून येणार, त्याचा मिनरलॉजी रिपोर्ट, म्हणजे त्यात कोणकोणती खनिजं किती आहेत त्याचा अहवाल, कॉलममध्ये, म्हणजे खनिजाने भरलेल्या उभ्या नळीत, किमान सहा महिने चालवलेल्या चाचणीचे आकडे, आणि गाळ कुठे ठेवणार त्याची प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. आठ दिवस झाले. त्या बाजूने तोच व्हिडिओ पुन्हा आलाय, खिळ्याचा.