हीटर नाही म्हणून पेरणी अडवू नका

सध्या एक सल्ला सगळीकडे फिरतोय: "ग्रीनहाऊसमध्ये हीटर नसेल तर हिवाळा पूर्ण सरेपर्यंत एकही बी पेरू नका. बी मातीत कुजतं, उगवलंच तर रोप गोठून मरतं, आणि मागाहून पेरलेलं रोप त्याला गाठतंच." टोमॅटो, मिरची, काकडीपुरता हा सल्ला अगदी बरोबर आहे. पण "एकही बी"? पालक, लेट्यूस, कांदा, वाटाणा यांना तोच नियम लावला की त्यांचा चांगला हंगाम हातचा जातो, आणि नवीन बागकाम करणाऱ्यांचं नेमकं तेच होतंय.

बी कुजतं, हा पहिला मुद्दा. मातीचं तापमान ५ अंश सेल्सियस असलं तरी लेट्यूस साधारण १५ दिवसांत उगवतं, पालक तीनेक आठवड्यांत, कांदा महिनाभरात आणि वाटाणा पाचेक आठवड्यांत. १० अंशांना लेट्यूसला आठवडा पुरतो, बाकीच्यांना दोन. दहाव्या दिवशी ट्रे उकरून "वाया गेलं" म्हणणं ही निव्वळ घाई झाली. बी कुजतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. थंडीत माती वाळत नाही, तरी आपण सवयीने रोज झारी फिरवतो. चिमूटभर माती दाबून बघा: बोटांना ओल लागली पाहिजे, पाणी सुटता कामा नये. तेवढा वाफसा असेल तर पाणी देऊच नका. आणि वाटाणा गायब झाला असेल तर कुजला म्हणण्याआधी मातीत उकरल्याच्या खुणा बघा, उंदरांना तो फार आवडतो.

दुसरा मुद्दा गोठण्याचा. हे भय मला समजतं. पहाटे ट्रेवर बर्फाचा पापुद्रा, पालकाची रोपं काळपट हिरवी, मान टाकून आडवी पडलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही ट्रे रिकामा करायला उचलला होता. दुपारपर्यंत तीच रोपं ताठ उभी होती. हळूहळू थंडी सोसत वाढलेलं दणकट जातीचं रोप पेशींमध्ये साखर साठवतं आणि त्यामुळे तिथला गोठणबिंदू खाली जातो. गोठलेल्या पानांना तेवढा हात लावू नका. कडाका वाढणार असेल तर रात्री बागकामाचं पातळ कापड पांघरा, कारण निरभ्र रात्री नुसत्या काचेच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा फारसं वर राहत नाही.

मागून पेरलेलं गाठतं, यात तथ्य आहे, पण ऐन हिवाळ्यातल्या पेरणीपुरतं. दिवस दहा तासांहून लहान असताना वाढ जवळजवळ थांबते. हिवाळा सरत आला की उजेड वाढतो, आणि पालक-लेट्यूसला तर लवकर पेरल्याचा सरळ फायदा मिळतो: उन्हं तापून तुरे येण्याआधी पानं हाती लागतात.

खरा धोका त्या सल्ल्यात आलेलाच नाही. स्वच्छ उन्हाच्या दिवशी बंद ग्रीनहाऊस दुपारी भट्टीसारखं तापतं, कोवळी रोपं उंच, लेचीपेची होतात आणि कोंदट हवेत बुरशीने बुडापाशी कोलमडतात. म्हणून सकाळी ऊन आलं की झडप उघडायची, उतरायच्या आत लावायची. बीट मात्र थांबवा. कोवळेपणी फार थंडी लागली तर ते कंद धरण्याऐवजी फुलावर जातं.