भीती शेंगदाण्याची नको, अख्ख्या दाण्याची हवी

मूल तीन वर्षांचे होईपर्यंत त्याला शेंगदाणा देऊ नये, हा सल्ला आजही पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. तो वाचून माझ्या भाचीने आपल्या आठ महिन्यांच्या बाळाच्या जेवणातून दाण्याचे कूट, तीळ, बदाम असे सगळेच बाद केले, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

हा सल्ला कोणाच्या मनातून उगवलेला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या मुलांसाठी तसे सांगितले होते. परंतु त्यामागे भक्कम पुरावा नसल्याने 2008 साली तो मागेही घेतला. त्याच वर्षी लंडनचे ॲलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण तुलना प्रसिद्ध केली. ब्रिटनमधील ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधील ज्यू मुलांपेक्षा सुमारे दहापट होती. इस्राएलमध्ये बाळांना पहिल्या वर्षातच तोंडात विरघळणारा शेंगदाण्याचा खाऊ मिळतो, ब्रिटनमध्ये तो कटाक्षाने टाळला जात असे. पुढे 2015 साली त्यांच्याच 'लीप' अभ्यासाचे निष्कर्ष आले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या 640 बाळांपैकी निम्म्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून नियमित शेंगदाणा दिला, निम्म्यांना पाच वर्षे अजिबात दिला नाही. पाचव्या वर्षी न खाणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांपैकी सुमारे 3 टक्के. ही टक्केवारी ब्रिटनमधील जोखमीच्या बाळांची आहे, ती आपल्याकडच्या प्रत्येक बाळाला जशीच्या तशी लावू नये; पण टाळल्याने संरक्षण मिळते, हा समज तिने मोडीत काढला हे निश्चित.

यामागचे कारण मला आपल्या घरांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते. इसबाने खरखरीत झालेल्या, भेगा पडलेल्या त्वचेतून अन्नातील प्रथिने शरीरात शिरली, तर शरीर त्यांना शत्रू मानू लागण्याची शक्यता असते. तीच प्रथिने वेळेवर पोटातून गेली, तर शरीर त्यांना सरावते. आता आपल्या स्वयंपाकघरात पाहा. कोशिंबिरीत कूट, उपवासाच्या खिचडीत कूट, मिक्सरच्या भांड्याला कूट, आजीच्या हाताला कूट. अशा घरात बाळाच्या तोंडाला दाणा लागू दिला नाही, तरी त्याच्या अंगाला तो लागतच असतो. खाऊ न घालणे म्हणजे दूर ठेवणे, असे आपल्याकडे होतच नाही.

तेव्हा द्यावे, पण रीतीने द्यावे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. त्यामुळे त्याआधीच्या बाळगुटीत बदाम उगाळून देण्याचा आग्रह ज्येष्ठांनी सोडावा, असे मी आदराने सांगेन. वरचे अन्न अंगवळणी पडू लागले की दाणे मंद आचेवर भाजून, साले पाखडून, खवट आणि काळपट दाणे निवडून टाकावेत आणि तेल सुटेपर्यंत अगदी बारीक वाटावेत. ते वाटण कोमट पाण्यात सैल करून, एकही कण न ठेवता, नाचणीच्या सत्त्वात मिसळावे. पहिल्या वेळी चमच्याच्या टोकावर मावेल इतकेच, बाळ ठणठणीत असताना, दिवसा आणि घरी द्यावे; दहा मिनिटे थांबून मग थोडे आणखी द्यावे आणि पुढचे दोन तास बाळाकडे लक्ष ठेवावे. सोसले, तर आठवड्यातून दोन-तीनदा देत राहावे. एकदा चाखवून महिनोन्महिने विसरणे उपयोगाचे नाही. काजू, बदाम, तीळ यांची सुरुवात एकाच दिवशी न करता वेगवेगळ्या दिवशी करावी.

बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याने आधी त्रास झाला असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी प्रयोग करू नये. अंगावर गांधी उठणे, ओठ-डोळे सुजणे, लागोपाठ उलट्या ही लक्षणे दिसली तर देणे थांबवून डॉक्टरांना गाठावे. श्वासाला घरघर लागली किंवा बाळ एकाएकी मलूल पडले तर क्षणही न दवडता रुग्णालयात न्यावे, कारण तेथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच उपाय असतो; घरातले ॲलर्जीचे सिरप त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणि जी भीती खरोखर बाळगायला हवी, ती आपण बाळगतच नाही. जत्रेत, बसमध्ये, लग्नघरात दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या मुठीत कौतुकाने खारे दाणे दिले जातात. ते मूल हसता-धावताना दाणा श्वासनलिकेत जातो, आणि मग दुर्बिणीने तो काढण्यासाठी मुलाला भूल द्यावी लागते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ही गोष्ट नवी नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा किंवा अर्धा दाणा, काजू, बदाम कोणीही देऊ नये. पाहुण्याने दिला तर संकोच न करता काढून घ्यावा. नवव्या महिन्याच्या लसीसाठी बाळाला नेणार असाल, तर सुरुवात कशी करावी हे त्याच भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या. तीन वर्षे थांबू नका.